किलिमांजारोचे चाकरमानी

डिसेंबरची वीस तारीख उलटली की दार-ए-सलाम रिकामं व्हायला लागतं. एरवी ज्या रस्त्यावर गाडी तासभर जागची हलत नाही तिथून दहा मिनिटांत घरी पोचता येतं, कोपऱ्यावरचं हार्डवेअरचं दुकान बंद, टायरवाला बंद, ऑफिसखालची चहाची टपरी बंद, आणि हा गेला कुठे म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं, मोशीला गेला. सगळेच काही मोशीला जात नाहीत, पण टांझानियात धंदा कुणाचा म्हणलं की चागा लोकांचं नाव पहिलं येतं, आणि चागा माणूस नाताळला शहरात थांबत नाही. किलिमांजारोच्या दक्षिण आणि पूर्व उतारावर यांची गावं, मोशी हे पायथ्याचं मोठं शहर, आणि वर्षभर दारमध्ये (दार-ए-सलामला सगळे नुसतं दार म्हणतात), अरुशात, म्वान्झात दुकानं मांडून बसलेली माणसं शेवटच्या आठवड्यात एकदम डोंगर चढायला लागतात. त्यांच्यावर जोक पण भरपूर आहेत, चागा खरंच मेलाय का बघायचं असेल तर कानाशी नाणं वाजवून बघा वगैरे, आणि ते जोक सगळ्यात रंगवून चागा लोकच सांगतात.

मी कणकवलीकडची, त्यामुळे हे बघून मला काय आठवणार ते सांगायला नको. ती वेटिंग लिस्ट, ते जादा गाड्यांचे आकडे, टपावर बांधलेल्या पिशव्या, आणि "सुट्टी दिली नाही तर राजीनामा देतो" म्हणून साहेबाला सांगणारे आमचे काका. दारमध्ये महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती बसतो, मोदक पण होतात, पण कोकणातल्या माणसाला माहितेय की गणपतीला गावी जाणं ही काही नुसती भक्तीची गोष्ट नसते. वर्षभराची तुंबलेली कामं असतात. घर उघडायचं, सामायिक भिंतीला भेग पडली त्याचे पैसे कोण देणार ते भांडायचं, पुतण्याचं लग्न ठरवायचं, सातबाऱ्यावरून तोंडं फिरवलेल्या भावांना एका पंगतीत बसवायचं. चागा लोकांचा नाताळ पण असाच कामाचा असतो आणि ते बघायला मिळालं ते नवऱ्याच्या ऑफिसातल्या अकाउंटंटमुळे, त्याने "या हो आमच्याकडे, डोंगर तर फुकट दिसेल" असं म्हणलं आणि आम्ही निघालो.

रस्त्याबद्दल फार लिहीत नाही. साडेपाचशेच्या वर किलोमीटर, बराचसा दुपदरी, समोरून ट्रक, मागून बस, आणि डिसेंबरात सगळ्यांनाच घाई. चालिंझे, सेगेरा, कोरोग्वे, मोंबो, मग सामे. कोरोग्वेच्या आसपास सिसलची, म्हणजे दोरखंडाच्या वाखाची शेतं लागतात, टोकदार पानांच्या सरळ सरळ रांगा नजर जाईल तिथपर्यंत, उजवीकडे उसांबारा डोंगर, मग पारे डोंगर, मध्येच बाओबाब. रेल्वे पण आहे, दार ते मोशी पॅसेंजर गाडी पाव शतक बंद होती ती 2019 च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाली, मुहूर्त कुठला धरला ते बघा. आमचा यजमान मात्र गाडीनेच निघतो, कारण डिकीत तांदळाची पोती, तेलाचे डबे, भावाच्या मुलींचे बूट आणि एक मिक्सर होता.

हिमोला हायवे सोडून गाडी उजवीकडे वळते आणि अर्ध्या तासात हवा बदलते. खाली सुकलेलं पिवळं पठार आणि वर अचानक गच्च हिरवं, म्हणजे इतकं की घरं दिसतच नाहीत, नुसती केळी. मारांगूला पोचलो तेव्हा डोंगर ढगात होता. तो दिवसभर ढगातच असतो, पहाटे आणि कधी संध्याकाळी किबोचं, म्हणजे सगळ्यात उंच शिखराचं, पांढरं टक्कल दिसतं आणि तेवढ्यासाठी जगभरातून लोक येतात. मारांगूच्या पार्क गेटवर योहानी लाउवो या इथल्याच वाटाड्याचं स्मारक आहे, 1889 मध्ये हान्स मायर हा जर्मन पहिल्यांदा शिखरावर पोचला तेव्हा वाट दाखवायला हा होता असं सांगतात. आमच्या यजमानाच्या घरातलं मात्र कुणीच कधी वर गेलेलं नाही. "वर काय आहे? थंडी आहे," इति त्याची आई.

तिला सगळे बीबी, म्हणजे स्वाहिलीत आजी, म्हणतात म्हणून आम्ही पण बीबी. ऐंशीच्या पुढची, बुटकी, दोन कांगा, म्हणजे इथली छापील सुती वस्त्रं, गुंडाळलेली, पायात रबरी बूट. आम्ही वाकून शिकामू म्हणलं, मोठ्यांना करायचा नमस्कार तो, तिने उत्तरादाखल माराहाबा म्हणून डोक्यावर हात ठेवला आणि लगेच नवऱ्याकडे बघून मुलाला काहीतरी विचारलं, त्यावर सगळे हसायला लागले. विचारलं होतं की हा मटण खात नाही म्हणतात ते आजारपणामुळे का.

घराची गंमत सांगते. पुढे मोठा बंगला, टाइल्स, ग्रिल, छपरावर डिश, चार बेडरूम, आणि तो वर्षातले साडेअकरा महिने बंद. असे बंगले त्या उतारावर जागोजागी आहेत, दारमध्ये भाड्याच्या घरात राहतील पण गावी बंगला हवाच, नाहीतर लोक विचारतात इतकी वर्षं शहरात केलं काय. बीबी त्यात राहतच नाही. ती मागच्या जुन्या घरात राहते, चुलीपाशी, बाजूला गोठा. बंगल्याच्या किल्ल्या तिच्या कमरेला असतात आणि नाताळच्या आधी आठवडाभर ती गड्याला घेऊन खोल्या धुऊन काढते. हे वाक्य लिहिताना मला आमची आजी दिसतेय पण तो विषय नको.

आता परसाबद्दल, कारण खरी मजा तिथे आहे. त्या परसाला किहांबा म्हणतात. बघितल्यावर पहिल्यांदा जंगलच वाटतं. वर उंच सावलीची झाडं, त्याखाली केळी, केळीखाली कॉफी, कॉफीखाली अळू, रताळी, पालेभाजी, आणि झाडांवर चढवलेले कोनफळासारख्या कंदांचे वेल. मोकळी हातभर जमीन नाही. आमच्या आगरात माडाखाली पोफळ आणि पोफळीवर मिरी चढवतात तसंच डोकं, फक्त इथे एक मजला जास्त. गाय गोठ्यातच, तिला सोडायला जागा कुठेय, गवत खालच्या पठारावरून येतं आणि ते बायका डोक्यावर भारे घेऊन चढवतात, बीबी परवापरवापर्यंत आणत होती. शेण सगळं केळीला. आणि या सगळ्याच्या मधून पाट वाहतो. म्फोंगो म्हणतात त्याला, डोंगरातल्या ओढ्याचं पाणी कड्याकड्याने वळवून खाली आणलेलं, एकेका कुळाने खणलेले आणि सांभाळलेले पाट, युरोपियन यायच्या कितीतरी आधीपासूनचे. पाण्याची पाळी ठरलेली, पाट साफ करायला नाही गेलात तर पाणी नाही. शिंब्वे जूऊ नावाच्या गावातल्या किहांब्यांना तर 2011 साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेने जागतिक शेती वारसा म्हणून मान्यता दिली. बीबीला हे सांगितलं मुलाने. तिने विचारलं पैसे किती मिळाले.

कॉफी या परसात तशी नवीच, म्हणजे केळी शेकडो वर्षांची आणि कॉफी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मिशनऱ्यांनी आणलेली, जवळच्या किलेमाच्या कॅथलिक मिशनचं नाव यात नेहमी घेतलं जातं. आधी जर्मन होते, पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश आले. शेजारच्या केनियात गोऱ्या मळेवाल्यांनी आफ्रिकी माणसाला अराबिका, म्हणजे कॉफीची भारी जात, लावूच द्यायची नाही अशी व्यवस्था करून ठेवली होती, इथेही मळेवाल्यांना तेच हवं होतं, पण चार्ल्स डंडास नावाच्या अधिकाऱ्याने उलट चागांना कॉफी लावायला प्रोत्साहन दिलं आणि 1925 मध्ये त्यांची स्वतःची उत्पादक संघटना उभी राहिली. मग 1933 मध्ये तिच्या जागी सहकारी संघ आला, केएनसीयू, किलिमांजारो नेटिव्ह को-ऑपरेटिव्ह युनियन, आफ्रिकेतल्या सगळ्यात जुन्या सहकारी संघांपैकी एक. सहकार म्हणजे आपलीच मक्तेदारी असं वाटणाऱ्या महाराष्ट्रीयांनी (माझं सासर त्यातलं) लक्षात घ्यावं की प्रवरानगरचा कारखाना 1950 च्या सुमाराचा. मोशीत 1963 ला सहकाराचं कॉलेज निघालं, ते आता विद्यापीठ आहे.

आणि मग ते झालं जे आपल्याकडे उसाच्या पट्ट्यात झालं आणि कोकणात कधीच झालं नाही. परसातल्या कॉफीतून रोख पैसा आला, त्यातून पत्रे आले, शाळा आल्या, फिया भरल्या गेल्या. कोकण मनीऑर्डरवर जगलं, पैसे मुंबईहून गावी यायचे. इथे पैसे गावातून निघाले, पोरांना शिकवून बाहेर पाठवण्यासाठी. टांझानियात जानेवारीत शाळा सुरू होतात, त्यामुळे कॉफीचा हंगाम जुलैपासून डिसेंबरपर्यंत आणि हिशोब झाला की हातात पैसे, हे गणित बीबीच्या पिढीच्या तोंडपाठ आहे. तिने सात मुलं शिकवली. सातही बाहेर. म्हणजे ज्या झाडाने घर उभं केलं त्यानेच ते रिकामं केलं, आणि या गोष्टीचं तिला अजिबात दुःख नाही, तिच्या दृष्टीने कॉफीने दिलेलं काम चोख केलं.

शेवटची तोडणी आम्ही होतो तेव्हाच चालू होती. झाडं जुनी, खोडं माझ्या मांडीएवढी, वर फक्त टोकाला फळं. लाल झालेलीच तोडायची, हिरवी ठेवायची, पिवळट असली तर अजून चार दिवस. मला जमत होतं पण माझा वेग बघून तिथल्या पोरी गालात हसत होत्या. मग परसातच एक हाताने फिरवायचं यंत्र, तांब्याच्या खडबडीत पत्र्याचं पिंप आत फिरतं, वरून फळं आणि पाणी ओतायचं, एकीकडून लाल साल निघते आणि दुसरीकडून बुळबुळीत बिया. साल केळीच्या बुंध्याला. बिया बादलीत आंबवायच्या रात्रभर, सकाळी हाताने चोळून पाहायच्या, हाताला खरखर लागली म्हणजे चिकट सुटलं, मग धुऊन जाळीच्या मांडवावर वाळवत ठेवायच्या आणि पावसाची चाहूल लागली की धावत जाऊन झाकायच्या. दिवसभर कुणीतरी त्यातल्या काळ्या, किडक्या, फुटक्या निवडत बसलेलं असतं, गहू निवडावा तसं, बोलत बोलत. एका फळात दोन ऐवजी एकच गोल बी निघाली तर ती पीबेरी, तिला भाव वेगळा. वाळलेला माल गावच्या सोसायटीत, तिथून मोशीच्या कारखान्यात सालपट काढून प्रतवारी, मग लिलाव, आणि मग जहाज. जपानमध्ये किलिमांजारो कॉफी म्हणून मोठं नाव आहे म्हणे. म्हणे म्हणजे खरंच आहे, पण बीबीच्या परसात उभं राहून त्यावर विश्वास बसत नाही.

कारण त्या घरात कॉफी नाही. प्यायची. सकाळी दूधसाखरेचा चहा, आलं घातलेला, आपल्यासारखाच. मी दुसऱ्या दिवशी धीर करून विचारलंच, तर सून जाऊन दुकानातून इन्स्टंट कॉफीचा छोटा डबा घेऊन आली, तीही बुकोबाची, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाच्या रोबस्टाची, कॉफीच्या हलक्या जातीची. आमच्यासमोर मांडवावर अराबिका वाळतेय आणि आम्ही हे पितोय. नवऱ्याला हे इतकं आवडलं की त्याने डब्याचा आणि मांडवाचा एकत्र फोटो काढला.

मोशीजवळच्या मातेरुनीला कॉफी टूर असते, धबधब्याची आणि कॉफीची मिळून. परत येताना आम्ही तीही केली. उखळात बिया कांडतात, गाणं म्हणतात, टाळ्या वाजवायला लावतात, शेणामातीच्या चुलीवर भाजून तिथल्या तिथे कप हातात देतात. कॉफी खरंच सुंदर होती, त्या पोरांचं इंग्रजी पण छान, चार पैसे मिळतात त्यांना, मिळोत. पण त्याला "पारंपरिक कॉफी संस्कृती" वगैरे म्हणतात ते मला काही पटलं नाही. कॉफी इथे विकायची गोष्ट होती, पहिल्या दिवसापासून. प्यायची गोष्ट वेगळी आहे.

ती म्हणजे म्बेगे. पिकलेली केळी तासन्‌तास शिजवतात, दिवसचे दिवस आंबवतात, गाळतात, त्यात नाचणीला मोड आणून केलेली पेज घालतात आणि एका झाडाची कडू साल. हो, नाचणी, आपलीच ती. बीबीने नाचणी आधीच मोड आणून वाळवून ठेवली होती, वास मला लगेच ओळखू आला. म्बेगे भोपळ्याच्या कवटीत ओततात, यजमान पहिला घोट स्वतः घेतो, विष नाही हे दाखवायला, मग वयाप्रमाणे भांडं फिरतं. आंबट, दाट, तळाला रवाळ आणि शेवटी जिभेवर कडू. दुसऱ्या फेरीपासून बरं लागायला लागतं. नवऱ्याने बीबीच्या हातून घेतलं कारण नाही म्हणता येईना, आणि मग त्याला केळं, नाचणी आणि झाडपाला म्हणजे शुद्ध शाकाहार आहे हे पटल्यावर त्याने परत परत घेतलं.

जेवणाचा त्याचा प्रश्न पण तसा सुटला. कच्ची केळी आणि घेवडा एकत्र शिजवून घोटतात त्याला किबुरू म्हणतात, तेच चार दिवस खात होता. मला म्तोरी, म्हणजे केळी आणि मटणाचं दाट सार, बाळंतिणीला देतात ते. नाताळच्या सकाळी बोकड कापला. कुठला तुकडा कुणाचा हे ठरलेलं, त्यात चूक झाली तर ती पुढच्या नाताळपर्यंत लक्षात ठेवतात. रक्ताचं सार करतात, किसुसियो, ते मी खाल्लं, आमच्याकडे रक्ती खातातच. दुपारच्या मोठ्या जेवणात मात्र किलिमांजारोचं काही नव्हतं, पुलाव, चपात्या, काचुंबारी म्हणजे कांदा-टोमॅटोची कोशिंबीर. सणाला ते पाहिजेच म्हणे. चपात्या लाटायला मी बसले, आणि या एका बाबतीत त्या घरातल्या बायकांनी माझा वेग मान्य केला.

चर्च सांगायचं राहिलं. गावागावांत पंथ वाटलेले आहेत, मिशनऱ्यांनी डोंगर जणू आपसात वाटून घेतला होता, किबोशो, किलेमा, रोंबोकडे कॅथलिक जास्त आणि माचामे, मारांगू, म्विकाकडे लुथरन. आमचं घर लुथरन. प्रार्थना तीन तास चालली, गायन मंडळं एकामागून एक, मला स्वाहिली जेमतेम कळतं पण चार आवाजांतलं ते गाणं ऐकताना वेळ गेला कसा कळलं नाही. मजा खरी नंतर. बाहेर अंगणात लिलाव. ज्यांच्याकडे रोख नाही ते वस्तू अर्पण करतात, अंडी, कोंबडी, केळीचा लोंगर, दुधाची बाटली, आणि मग त्याचा जाहीर लिलाव होतो, गोव्यात देवळात पावणी करतात तसा. लिलाव करणारा माणूस म्हणजे कीर्तनकार आणि हर्षद मेहता यांचं मिश्रण. दारहून आलेल्यांना तो नावानिशी ओळखत होता. "तुमची ती नवीन गाडी आम्ही पाहिली बरं का खाली," असं म्हणून एका गृहस्थांकडून त्याने केळीचा एक लोंगर साठ हजार शिलिंगला नेला, आणि त्या गृहस्थांनी घेतलेला लोंगर परत दान केला, मग तोच पुन्हा लिलावात. तीनदा विकला गेला तो. शेवटी एका म्हाताऱ्या विधवेच्या हातात दिला सगळ्यांनी मिळून. वर्षभरात कुणाचं बरं चाललंय आणि कुणाचं नाही याचा हिशोब गावाला त्या अर्ध्या तासात कळतो. आमचा यजमान एका कोंबडीवर पंचवीस हजारापर्यंत गेला आणि थांबला, आणि बीबीने घरी येईपर्यंत त्यावर चार वेळा टोमणा मारला.

परसातच थडगी आहेत. केळीच्या मध्ये, बाथरूमसारख्या पांढऱ्या टाइल्स लावलेली, नाव आणि तारखा. बीबीचा नवरा, सासरे, एक मुलगा जो दारमध्येच गेला होता पण आणला इथेच. चागा माणूस कुठेही मेला तरी घरी आणायचा, त्यासाठी ऑफिसात वर्गणी होते, आम्हीही दिलीय एकदोनदा. जमीन विकायची नाही यामागचं सगळ्यात मोठं कारण ही थडगीच, बापाच्या छातीवरची जमीन कोण विकणार. जुन्या मोशीचा मांगी मेली, म्हणजे तिथला राजा, त्याला जर्मनांनी 1900 च्या मार्चमध्ये फासावर दिलं, आणि त्याचं डोकं जर्मनीला नेलं असं इथे सगळे सांगतात. त्याचा नातू कितीतरी वर्षं ते शोधत होता. 2023 मध्ये बर्लिनच्या संग्रहालयांतल्या कवट्यांची डीएनए तपासणी झाली तेव्हा काहींचे नातेवाईक टांझानियात सापडले, अगदी किलिमांजारोचेही, पण मेलीची कवटी त्यात नव्हती. हे यजमानाने थडग्यावरची केळीची पानं झाडत झाडत सांगितलं, आणि मग म्हणाला की आता उद्याच्या मीटिंगला या थडग्याच्या सिमेंटचा विषय पहिला आहे.

मीटिंग सव्वीसला. निळी ताडपत्री, प्लास्टिकच्या खुर्च्या, समोर म्बेगे आणि सोड्याचे क्रेट. सगळ्या कुळाची मीटिंग, पन्नाससाठ माणसं, एक अध्यक्ष, एक सेक्रेटरी, आणि मागच्या वर्षीचं इतिवृत्त वाचून मंजूर करून घेतलं, मी थापा मारत नाहीये. थडग्याचं सिमेंट. दोन पोरांच्या कॉलेजच्या फिया, कोण किती देणार, न दिलेल्यांची नावं मोठ्याने. एकीचं लग्न ठरतंय, मुलाकडच्यांशी बोलणी करायला कोण जाणार. हे सगळं स्वाहिलीत, रंगात आलं की चागात, मग शहरातली पोरं फोनमध्ये डोकं घालायची कारण त्यांना चागा येत नाही. यजमान मध्येमध्ये आम्हाला सांगत होता काय चाललंय ते, निम्मं गाळून.

मग बांधाचा विषय निघाला. किहांब्याच्या हद्दीवर मासाले नावाचं झुडूप लावतात, लांब हिरव्या पानांचं, आपल्याकडे कुंडीत ड्रासेना म्हणून लावतात त्याच्या कुळातलं. एका पुतण्याने ते हातभर पलीकडे सरकवून लावलं होतं, दोन वर्षं काका-पुतण्या बोलत नव्हते. आवाज चढले, एकजण उठून गेला, परत आणला. काका म्हणत होता मोजणी आणा, पुतण्या म्हणत होता झाड आपोआप वाढलं. असली वाक्यं मी लहानपणापासून ऐकलीत, भाषा कळायची गरजच नव्हती. आणि मग जे झालं ते मात्र आमच्याकडे नाही. पुतण्याची आई उठली, बांधापाशी गेली, मासाल्याचं एक पान तोडलं, त्याला गाठ मारली आणि पोराच्या हातात दिलं. तो बसून राहिला. ती उभीच. मग तो उठला, काकासमोर गेला आणि दोन्ही हातांनी ते पान पुढे केलं. मासालेचं पान घेऊन माफी मागायला आलेल्याला नाही म्हणता येत नाही, तशी रीतच आहे. काकाने बराच वेळ घेतला, सोड्याची बाटली खाली ठेवली, तोंड पुसलं, मग घेतलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, सेक्रेटरीने लिहून घेतलं आणि पुढचा विषय. झुडूप कुठे लावायचं ते पण लिहून घेतलं, हेही सांगते, पान घेतलं म्हणून हातभर जमीन कुणी सोडली नव्हती.

पुढचा विषय बीबीची कॉफी. 1989 साली कुठल्या देशाने किती कॉफी विकायची ते ठरवणारी कोट्याची व्यवस्था मोडली आणि भाव कोसळला, त्याआधी 1976 मध्ये सरकारने सहकारी संघच बरखास्त केले होते, ते काही वर्षांनी परत आले पण मोडलेला विश्वास तसाच राहिला, मग 2001 च्या आसपास भाव पुन्हा तळाला. त्या वर्षांत लोकांनी कॉफीकडे बघणंच सोडलं, खत नाही, छाटणी नाही. आता भाव बरा आहे पण झाडं म्हातारी, तोडायला माणसं नाहीत. धाकटा भाऊ, किहांबा त्याच्याकडे जाणार कारण आईबापांचं घर शेंडेफळाला ही इथली पद्धत, तो म्हणाला सगळी कॉफी काढा आणि हास जातीचा अवोकाडो लावा, खाली सगळे लावतायत, युरोपात जातो. मोठी बहीण, मोशीत शिक्षिका, ती म्हणाली ल्यामुंगोच्या कॉफी संशोधन संस्थेत रोगाला दाद न देणारी बुटकी रोपं मिळतात, ती लावा. मध्येच कुणीतरी जुन्या केंट जातीच्या चवीबद्दल बोलायला लागला, तर माझ्या नवऱ्याने एकदम हात वर केला आणि सांगितलं की केंट ही भारतातली, म्हैसूर संस्थानात केंट नावाच्या साहेबाच्या मळ्यात निघालेली. सगळ्यांनी मान डोलावली, एका आजोबांनी विचारलं मग तिकडे भाव काय चाललाय. ते त्याला माहीत नव्हतं.

बीबी इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, म्हणजे मुलाने आम्हाला सांगितलं ते असं, की अवोकाडो लावा पण घराच्या वरच्या अंगाला, थडग्यांच्या बाजूची कॉफी हलणार नाही, तिथे नवी रोपं लावायची. मार्चचा मोठा पाऊस सुरू व्हायच्या आत खड्डे तयार हवेत. आणि खड्डे गड्याकडून खणून घ्यायचे नाहीत, पैसे पाठवायचे नाहीत, तुम्ही स्वतः यायचं, तिघांनी तरी. इस्टरची वाट बघायची नाही, आधी.

फेब्रुवारीत सुट्टी कुणाला असते. धाकटा म्हणाला मी दुकान बंद करू शकत नाही, मधल्याची परीक्षा, आमच्या यजमानाने माझ्या नवऱ्याकडे बघितलं कारण ऑफिसात महिनाअखेरीचे हिशोब कोण करणार हा प्रश्न दोघांचा होता. सेक्रेटरी पेन घेऊन थांबला होता. आम्ही जेवायला उठलो तोवर दोन नावं लागली होती, बहिणीचं एक आणि आमच्या यजमानाचं, आणि तिसरं नाव पुतण्याचं लावावं की नाही यावर काकाचं म्हणणं ऐकून घेणं चालू होतं.